सोळा नंबरच्या तक्त्यातली फट

आमचा धंदा शाळांना तक्ते विकण्याचा. बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीत, एका जिन्याखाली आमचं दुकान होतं. एक गिऱ्हाईक आत आलं की दुसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढाच त्याचा विस्तार. मागे मात्र एक लांबट खोली होती आणि तिथे बसून वडिलांनी उभ्या महाराष्ट्राचे बेडूक, गांडुळं, फुलं, हृदयं आणि मूत्रपिंडं काढली. मूळ चित्र वडील काढत. ते छापखान्यात छापून आलं की चाचा त्याच्या मागे खळ लावून मांजरपाटाचं जाडंभरडं कापड डकवत, वर वॉर्निश फिरवत, वरखाली लाकडी पट्ट्या ठोकत आणि गुंडाळीला नाडी बांधत. चाचा आमचे नातेवाईक नव्हते. भवानी पेठेत त्यांच्या चार पिढ्या गेलेल्या आणि आमच्या दुकानात त्यांची स्वतःची एक. मी रांगत होतो तेव्हा खळीच्या डब्यात हात घालू नये म्हणून त्यांनी मला टेबलाच्या पायाला बांधून ठेवल्याचं ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत. मी तिशीला आलो तरी सांगत.

प्रत्येक तक्त्याला नंबर होता. एक नंबर पेशी, सात नंबर हृदय, अकरा नंबर कान. सोळा नंबर म्हणजे मानवी प्रजनन संस्था, स्त्री. विज्ञानाचे मास्तर दुकानात येऊन हृदय मोठ्याने मागत, मोठं आतडंसुद्धा बिनदिक्कत मागत, आणि मग रस्त्याकडे एकदा बघून, आवाज अर्धा करून म्हणत, "आणि ते एक... सोळा नंबर." आम्हीही तो चित्र आत राहील असा गुंडाळून, वर खाकी कागद लावून, दोरीच्या दोन गाठी मारून द्यायचो. त्यात दारूगोळा असता तर इतकी काळजी घेतली नसती.

तक्त्यांची दुरुस्तीही आमच्याकडे होत असे. दहा-पंधरा वर्षांनी एखाद्या शाळेचा गठ्ठा यायचा. त्यात हृदयाला छडीने भोक पडलेलं असे, पचनसंस्थेवर कोणाच्या तरी डब्यातलं तेल सांडलेलं असे, भारताच्या नकाशातली श्रीलंका नाहीशी झालेली असे. सोळा नंबर मात्र नव्या नवरीसारखा यायचा. एकदा तर चाचांनी मारलेली नाडीची गाठसुद्धा तशीच होती. चाचा म्हणाले, "ही गाठ मी ओळखतो. ही माझ्या लग्नाआधीची आहे."

वडील गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. चित्रकलेच्या शाळकरी परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालो होतो, त्यामुळे दुकान माझ्याकडे आलं. थोरला भाऊ, दादा, बँकेत होता. तो शनिवारी अर्ध्या दिवसानंतर गल्ल्यावर बसे. मला त्या वयात प्रत्येक गोष्ट सुधारायची फार हौस होती. सोळा नंबरच्या छपाईच्या प्लेटा झिजल्या, तेव्हा मी वडिलांचं चित्र समोर ठेवून नवीन काढायला घेतलं. मध्ये गर्भाशय, दोन्ही बाजूंना बैलाच्या शिंगांसारख्या वळलेल्या अंडनलिका आणि टोकाला एकेक अंडाशय. आता बघा, वडिलांच्या चित्रात नळीचं टोक अंडाशयाला टेकलेलंच नव्हतं. मध्ये चांगली दोन बोटांची फट, आणि नळीच्या तोंडाशी काही थरथरत्या, सुट्या रेघा. मला वाटलं, शेवटी शेवटी वडिलांचा हात कापत असणार. शिवाय रेघ सुटली की चित्र सुटलं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आणि टाकी आणि नळ यांच्यात फट ठेवून कोणी घर बांधतं का? मी ती फट बुजवली. नळी सरळ नेऊन अंडाशयाला घट्ट जोडली. जोडाच्या जागी गुलाबी आणि बदामी रंग असे काही मिसळले की छापखान्याचे मालक म्हणाले, "वडिलांपेक्षा सफाई आहे हो हातात." त्या वाक्यावर मी महिनाभर जगलो.

त्या अवयवांबद्दल मला माहिती किती होती, असं विचाराल, तर अंडाशय, अंडनलिका आणि गर्भाशय ही अक्षरं मी सारख्या उंचीची काढू शकत होतो. एवढीच.

वहिनी आमच्या घरात आली तीही सोळा नंबरमुळेच. मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. एका शनिवारी दुकानात येऊन तिने नेहमीच्या आवाजात सांगितलं, "सात, अकरा आणि सोळा द्या." गल्ल्यावर दादा होता. इतक्या वर्षांत सोळा नंबर कोणी असा रस्त्याला ऐकू जाईल असा मागितला नव्हता. दादा इतका गडबडला की पावती द्यायला विसरला. सोमवारी ती द्यायला तो शाळेत गेला. पावती एक होती, पण त्या महिन्यात तो चार वेळा गेला.

लग्नाच्या बोलणीत वहिनीच्या वडिलांनी काही लपवलं नाही. मुलगी सोळा वर्षांची असताना उजव्या बाजूच्या अंडाशयावर गाठ होऊन त्याला पीळ पडला होता आणि ते काढून टाकावं लागलं होतं. नळी ठेवली होती. ते खाली मान घालून हे सांगत होते. आई म्हणाली, "अहो, आमच्या ह्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. आम्ही सांगितलं का? देवाने दोन दोन दिलंय ते ह्यासाठीच." आपला कान असा जाहीर होणार, हे दादाला तिथेच कळलं. लग्न ठरलं.

तिसऱ्या वर्षी वहिनी शाळेत फळ्यावर लिहिताना कोसळली. पोटात डाव्या बाजूला कळ आणि खांद्यात वेदना. मुलींनीच रिक्षा आणली. दिवस गेलेत हे तिलाही धड कळलेलं नव्हतं. गर्भ पिशवीत पोचलाच नव्हता. वाटेत, डाव्या नळीतच रुजला होता आणि नळी फुटली होती. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई साठीच्या आसपासच्या होत्या, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. आईने "मूल?" असं विचारताच त्या म्हणाल्या, "बाई वाचली. आधी ते ऐका. डावी नळी काढावी लागली. तीन महिन्यांनी तिला माझ्याकडे पाठवा, मग पुढचं बोलू."

तीन महिने व्हायच्या आत मी माझं ज्ञान पाजळलं.

रविवारची जेवणं झाली होती. वहिनी आता हिंडूफिरू लागली होती. दादा बराच वेळ ताटात बोटाने रेघा ओढत होता. मग म्हणाला, "तू रोज हेच काढतोस. मला एकदा नीट सांग, हिचं आता काय राहिलंय आणि काय गेलंय."

असं विचारल्यावर दुसरा एखादा म्हणाला असता, अरे मी तक्ते काढतो, मला काय कळतं. मी आतून सोळा नंबर आणला. टेबलावर पसरला. तो गुंडाळी व्हायला बघत होता म्हणून चारी कोपऱ्यांवर आमटीच्या वाट्या ठेवल्या. पेन्सिलीने उजव्या अंडाशयावर फुली मारली, डाव्या नळीवर फुली मारली. राहिलं काय? डावं अंडाशय, ज्याला नळी नाही. उजवी नळी, जिला अंडाशय नाही. मधे अख्खं गर्भाशय.

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे टाकी डावीकडे आणि नळ उजवीकडे," मी म्हणालो. "जोडच नाही. पाणी येणार कुठून?"

हे मी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. गंभीर प्रसंगी आपल्याला नेमकी उपमा सुचली, याचं मला बरंच वाटलं होतं, हे आज कबूल करतो. वहिनीने चित्राकडे पाहिलं. माझ्या त्या सफाईदार जोडाकडे. ती विज्ञानाची बाई, पण तिच्या पुस्तकातली आकृतीही नखाएवढी आणि तशीच चिकटवलेली. मग तिने एकेक करून चारी वाट्या उचलल्या. चौथी उचलताच तक्ता आपोआप गुंडाळला गेला.

"ताक घेणार का कोणी?" ती म्हणाली.

तीन महिन्यांनी ती डॉक्टरकडे गेली नाही. आईने एकदा आठवण केली तेव्हा दादाच म्हणाला, "कशाला तिला उगाच? आकृतीत दिसतंय ना सगळं." वहिनीने त्या वर्षी शाळेत सकाळचं अधिवेशन मागून घेतलं होतं, दुपारी घरी राहता यावं म्हणून. कशासाठी ते न सांगता सगळ्यांना माहीत होतं. तो अर्ज तिने परत घेतला आणि पूर्ण दिवसाची झाली. मंडईत आईबरोबर भाजीला जायची ती बंद झाली. तिथे ओळखीच्या बायका पिशवीतली भाजी बघायच्या आधी पोट बघतात, असं ती म्हणायची. मग आई एकटीच जाऊ लागली आणि कोणी विचारलंच तर सांगू लागली, "आमच्याकडे तो विषय संपला. तुमच्या सुनेच्या गुडघ्याचं काय झालं?"

घरात हसणं-बोलणं होतं. वहिनी मला पूर्वीसारखीच भाऊजी म्हणत होती आणि माझ्या लग्नाच्या स्थळांची टिंगल करत होती. फक्त दुकानात येत नव्हती.

असे दहा महिने गेले. एके दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. बाहेर बसणाऱ्या पेशंटसाठी त्यांना एक तक्ता भिंतीवर लावायचा होता. त्यांनी मला ओळखलं नाही. हॉस्पिटलात मी औषधं आणणाऱ्यांपैकी होतो. मी अदबीने सोळा नंबर उलगडला. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं.

"हे कोणी चिकटवलं?"

"कापड होय? आमचे चाचा आहेत..."

"कापड नाही. ही नळी. अंडाशयाला. गोंद कुठला वापरलात?"

मी म्हणालो, "चित्र मी काढलंय." अजूनही आवाजात थोडा अभिमान होता.

"तेच विचारतेय. का?"

मी रेघ सुटल्याचं, फटीचं आणि सफाईचं सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हात पुढे करा. मूठ वळा." मी वळली. "हे अंडाशय. आता हा माझा हात म्हणजे नळी." त्यांनी आपली पाच बोटं सैल सोडून माझ्या मुठीपासून थोडी दूर धरली. "ही बोटं म्हणजे नळीच्या तोंडाची झालर. चिकटलेली नसते. मोकळी असते. बीज बाहेर पडायची वेळ आली की झालरीत रक्त भरतं, ती फुगते आणि अंडाशयावरून अशी फिरते." त्यांची बोटं माझ्या मुठीवरून फिरली. पायरीवर महाराष्ट्राचा नकाशा घ्यायला आलेले एक मास्तर उभे होते, त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. "बीज उचलते. मग आत बारीक बारीक केस असतात, शेतात वारा सुटल्यासारखे सगळे एका दिशेला हलतात, पिशवीकडे. आतलं अस्तर सपाट नसतं, निऱ्यांसारखं दुमडलेलं असतं. नळीचे स्नायूही हलके ढकलतात. तुम्ही पाण्याचा पाइप काढलाय. हा पाइप नाही. हे जिवंत आहे."

"आणि पुरुषबीज?" एवढं वाचलेलं मला होतं. "ते तर उलट दिशेने येतं."

"येतं ना. त्याच वाटेने, समोरून. लक्ष्मी रोडसारखं नाही, इथे दोन्हीकडची वाहतूक चालते आणि पोलीस नसतो. पिशवीजवळ नळी अरुंद असते, तिथे त्यांना अडवून धरते, थोडे थोडे पुढे सोडते. पुढे नळी रुंद होते, तिथे भेट होते. पिशवीत नाही, नळीत. मग तीन-चार दिवस नळीच त्या जिवाला सांभाळते, खायला घालते, आणि पिशवी तयार झाली की पोचवते. सगळे पिशवीचं कौतुक करतात. पहिलं माहेर हे."

मूठ मी अजून वळलेलीच ठेवली होती. मी विचारलं, "एका बाजूचं अंडाशय आणि दुसऱ्या बाजूची नळी, एवढंच राहिलं असेल तर?"

"तरी होऊ शकतं. दोन्ही अंडाशयं पिशवीच्या मागे लोंबतात, तुमच्या चित्रासारखी दोन टोकांना ताणून बसवलेली नसतात. नळी वळते, मागे पोचते, पलीकडचं बीज उचलते. नेहमी नाही. कमी. पण कमी आणि नाही यांत फरक असतो." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोणाचं विचारताय?"

मी सांगितलं. वाट्यांसकट सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. नकाशावाल्या मास्तरांनाही काहीतरी जाणवलं असावं. ते पायरी उतरून गेले. "मी बोलावलं होतं तिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आली नाही, तर मला वाटलं दुसरा डॉक्टर धरला. पुण्यात तसं सांगायची पद्धत नाही." त्यांनी पर्स बंद केली. "तिला पाठवा. खात्री मी देत नाही. नळी उघडी आहे का ते बघावं लागेल, आणि दिवस राहिलेच तर पुन्हा नळीत अडकण्याची भीती आहेच. पण हे सगळं तिला मी सांगणार होते. तुम्ही नाही."

"मी जाऊन सांगतो तिला."

"सांगाच. आणि खरी नळी एकदा बघून घ्या. माणसाची कुठून बघणार, शेळीची बघा. तीही पिल्लाला दूध पाजते, आपल्यापेक्षा फार वेगळी नाही."

तक्ता न घेता त्या गेल्या.

मागच्या खोलीत चाचा पट्ट्या ठोकत होते. त्यांना सगळं ऐकू गेलेलं. मी पत्र्याच्या पेटीतून वडिलांचं मूळ चित्र काढलं आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या थरथरत्या वाटलेल्या रेघा थरथरत्या नव्हत्या. एकेक वेगळी, टोकाला बारीक, मुद्दाम सोडलेली. समास मागे दुमडलेला होता, तो उलगडला तर वडिलांच्या पेन्सिलीने लिहिलं होतं, "झालर सुटी ठेवणे."

"हे त्यांना कसं माहीत?" मी म्हणालो.

चाचांनी तोंडातला खिळा काढला. "माझ्या मामेभावाच्या मटणाच्या दुकानात दोन दिवस बसले होते. मीच नेलं होतं. वही घेऊन बसले, नाकाला रुमाल. घरी सांगू नको म्हणाले, म्हणून नाही सांगितलं."

"मला तरी सांगायचं होतं, चाचा."

"तू विचारलंस कधी? तू तर आल्या दिवसापासून मला सांगतच होतास."

वहिनीला मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी गाठलं. तिथेच, मुलींच्या गर्दीत, सायकलचं हँडल धरून सगळं सांगितलं. शब्द जुळवून नेले होते, ते एकही कामाला आले नाहीत. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "बघायला मिळेल म्हणालात ना? चला."

आमचं घर अंडंसुद्धा न आणणारं. मागच्या खोलीत चाचांनी खळीची इनॅमलची थाळी घासून पुसून ठेवली होती आणि मामेभावाकडून आणलेलं एका केळीच्या पानात झाकलं होतं. शेळीचं गर्भाशय माणसासारखं नसतं, त्याला दोन लांब शिंगं असतात. चाचांनी त्यातल्या एका शिंगाच्या टोकाशी बोट नेलं. तिथून एक दोऱ्यासारखी, वेडीवाकडी वळणं घेत गेलेली नळी होती. तिचं टोक म्हणजे ओल्या पातळ कागदाचा चुरगळा. वहिनीने पदर नाकाला लावला होता. मला मनातून वाटलं, एवढंच? ह्यासाठी वडील दोन दिवस बसले?

"असं नाही दिसायचं," चाचा म्हणाले. "तुझे वडील असं करायचे." त्यांनी तांब्याने थाळीत हळूहळू पाणी ओतलं.

पाणी चढलं तसा तो चुरगळा उचलला गेला. एक घडी सुटली, मग दुसरी. कडा तरंगू लागल्या. बघता बघता तिथे एक पातळ, गुलाबी, चुण्याचुण्यांची झालर पसरली आणि पाणी हललं की हलू लागली, कशालाही न चिकटता. अंडाशय शेजारी होतं, हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं. मध्ये फट.

वहिनीचा पदर केव्हा खाली आला तिला कळलं नाही. तिने माझा एक ब्रश उचलला आणि दांड्याच्या टोकाने झालर थोडी सरकवली. ती सरकली. पलीकडे नेली, गेली. सोडली, तरंगत परत आली.

"सुटं आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही चिकटवलं होतं."

"हो."

"दहा महिने, भाऊजी."

तिने पुन्हा ब्रश पाण्यात घातला. मग चाचांकडे न बघता म्हणाली, "थाळी जरा उजेडात घ्या. नीट दिसत नाहीये." एका हातात ब्रश, दुसऱ्यात थाळीची कड, डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता, आणि आम्ही दोघांनी थाळी धरलेली.

ती डॉक्टरकडे गेली. पिशवीतून रंग सोडून फोटो काढला. उजव्या नळीतून रंग पलीकडे बाहेर सांडला. सांडला म्हणजे वाट उघडी. दादाने हे घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "सांडलं त्याचा आनंद मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय."

पुढे वर्षाहून जास्त काळ काहीच झालं नाही. दर महिन्याला घरात दोन-तीन दिवस सगळे फार हळू बोलत आणि मग वहिनी नेहमीपेक्षा जोरात भांडी घासू लागे, त्यावरून आम्हाला कळे. मी दुकानात सोळा नंबर पुन्हा काढला, वडिलांसारखाच, झालर सुटी ठेवून. प्रत्येक रेघ काढताना वाटायचं, एखादी चिकटली तर.

आणि मग एका महिन्यात भांडी वाजली नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, चुकली की लगेच या. पहिल्या तपासणीत दिवस राहिल्याचं कळलं, पण कुठे, ते कळलं नाही. फार लवकर आहे, दहा दिवसांनी सोनोग्राफीत दिसेल, म्हणाल्या. मध्ये दुखलं तर क्षणभर थांबू नका. ते दहा दिवस दादा बँकेत गेला, पण बँकेला त्याचा काही उपयोग झाला नसणार. वहिनी चालताना डावा-उजवा पायसुद्धा जपून टाकायची. एकमेव उरलेली नळी होती ती. तिथेच अडकलं असतं तर बाळ तर जाणारच, पुढची वाटही जाणार, आणि कदाचित तीही. हे आम्हा सगळ्यांना आता चांगलं समजत होतं. आधी समजत नव्हतं तेच बरं होतं, असं मला दोनदा वाटून गेलं.

दहाव्या दिवशी आम्ही चौघेही गेलो. दादा आणि वहिनी आत. आई आणि मी बाहेर रेक्झिनच्या बाकावर. समोरच्या भिंतीवर रिकामा खिळा होता. तक्त्यासाठी ठोकलेला असणार. आई जपमाळ आणायला विसरली होती, म्हणून माझ्या शर्टाच्या बाहीचं बटण फिरवत बसली.

दार उघडून वहिनी एकटीच बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. ती माझ्याशेजारी बसली आणि बाकाच्या रेक्झिनवर बोट टेकवलं.

"हे डावं अंडाशय," ती म्हणाली. बोट मागून वळसा घालत उजवीकडे गेलं, तिथे जरा थांबलं. "ही उजवी नळी." मग ते हळूहळू मध्यभागी आलं आणि तिथेच राहिलं.

आई म्हणाली, "अगं, मराठीत सांग."

"पिशवीत आहे, आई," वहिनी म्हणाली. "ठोका दिसला."

आईने माझं बटण तोडलं.

पुतणी झाली. आता ती खराडीला नोकरीला जाते, आणि ही गोष्ट मी सांगू लागलो की "काका, नको ना, नळ आणि टाकी पुन्हा नको" म्हणते. म्हणून आज लिहून काढतोय.

नवीन सोळा नंबर मात्र खपेना. मास्तर तक्रार करत, "यात जोड सुटलाय. पुस्तकासारखं नाही. मुलांनी असं काढलं तर गुण जातील." मी एकेकाला मूठ वळायला सांगून समजावू लागलो, तर ते रस्त्याकडे बघत. एक तक्ता डॉक्टरीणबाईंच्या खिळ्यावर गेला. एक वहिनीने शाळेसाठी नेला. तोवर त्या शाळेत हा धडा "मुली घरी वाचतील" या सदरात होता. सोळा नंबर मोठ्याने मागणारी वहिनीसुद्धा वर्गात आधी तेच म्हणत असे, तिनेच मला सांगितलं. पुतणीच्या वेळी सातव्या महिन्यात ती वर्गात तो तक्ता अडकवून उभी राहिली. मुली आधी हसल्या. मग एकीने विचारलं, "बाई, सुटं आहे तर बीज खाली नाही पडत?" त्या दिवशी दोन तास गेले म्हणे.

सहा-सात वर्षांनी त्या शाळेचा गठ्ठा दुरुस्तीला आला. चाचांची नजर आता अधू झाली होती. ते तक्ते हाताने चाचपून बघत. सोळा नंबरवर त्यांचा हात थांबला. "इकडे ये," ते म्हणाले.

नाडी तुटून दुसरीच बांधलेली होती. कडा फाटल्या होत्या. आणि झालर आणि अंडाशय यांच्या मधल्या जागी, त्या दोन बोटांच्या फटीत, छडीने आणि बोटांनी दाखवून दाखवून वॉर्निश गेलं होतं, रंग गेला होता, कागदही गेला होता. खालचा मांजरपाट दिसत होता.

मी शाळेत फोन करून वहिनीला विचारलं, तेवढी जागा कागद लावून रंगवून देऊ का.

"मागून कापड लावा," ती म्हणाली. "पुढून तुम्ही हात लावू नका."